‘स्नॉब’ हा शब्द मुळात कुणाचा?

‘स्नॉब’ हा शब्द मराठी बोलण्यात आता चांगला रुळला आहे. नव्या माणसाचं नाव कळण्याआधी तो कुठल्या सोसायटीत राहतो याची चौकशी करणारा, मराठी शाळेतल्या मुलांबरोबर आपल्या मुलाला खेळू न देणारा, कुणी ‘स्किड्यूल’ म्हणावं की ‘शेड्यूल’ यावरून त्याची पायरी ठरवणारा माणूस भेटला की आपण ‘फार स्नॉब आहे तो’ म्हणून मोकळे होतो. शब्द नेमका बसतो. पण त्याच सपाट्यात आपण तो कुठल्याही गर्विष्ठ, अबोल किंवा चोखंदळ माणसालाही चिकटवतो, आणि तिथे घोटाळा होतो.

गर्विष्ठ माणूस स्वतःवर खूश असतो. एखाद्या गवयाला आपल्या गळ्याचा गर्व असेल, एखाद्या शेतकऱ्याला आपल्या बैलजोडीचा असेल. त्यासाठी त्यांना दुसऱ्या कुणाची गरज नसते. चोखंदळ माणसाला वस्तूतला फरक कळतो. देवगडचा हापूस आणि कर्नाटकातून आलेला आंबा वासावरून ओळखणारा चोखंदळ. दुसरा आंबा खाणाऱ्या माणसालाच जो कमी लेखतो, तो मात्र स्नॉब. त्याचं लक्ष आंब्यावर नसतं, माणसांच्या उतरंडीवर असतं. आपल्या वर कोण, खाली कोण, हे त्याला सतत ठाऊक असावं लागतं. वरच्यापुढे तो लवतो आणि खालच्याला बघून नाक मुरडतो. या दोन्ही क्रिया एकाच माणसात एकत्र नांदतात, आणि त्या जोडीलाच इंग्रजीत स्नॉबरी म्हणतात.

आज तुच्छतेने बघणाऱ्याला लागणारा हा शब्द सुरुवातीला ज्याच्याकडे तुच्छतेने बघितलं जाई त्याचा होता. शब्दांचे अर्थ बदलतातच, पण एखादा शब्द असा शिवी खाणाऱ्याकडून उठून शिवी देणाऱ्याच्या अंगावर जाऊन बसावा, असं फार क्वचित घडतं. ते कसं घडलं हे कळलं की गेल्या दोन-सव्वादोन शतकांतला इंग्लंडचा समाजही बराचसा कळतो.

आधी एका लोकप्रिय कथेचा निकाल लावायला हवा. ही कथा मराठीतही अनेकदा छापून आली आहे. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या, किंवा ईटन शाळेच्या, किंवा जहाजावरच्या प्रवाशांच्या नोंदवहीत म्हणे सरदार घराण्यातल्या नसलेल्या माणसाच्या नावापुढे लॅटिनमध्ये ‘सिने नोबिलिताते’ असं लिहीत. म्हणजे कुलीनता नसलेला. त्याचं संक्षिप्त रूप ‘एस. नॉब.’, आणि त्यावरून स्नॉब. स्पॅनिश विचारवंत ओर्तेगा ई गासेत यांच्यासारख्या मोठ्या माणसानेही ही व्युत्पत्ती खरी धरून लिहिलं आहे. ऐकायला ती फारच पटण्यासारखी वाटते.

पण ती टिकत नाही. ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशाची पद्धत अशी, की शब्दाच्या प्रत्येक अर्थासाठी जुन्यात जुना लिखित दाखला शोधायचा आणि ते दाखले तारखेनुसार एकाखाली एक मांडायचे. व्युत्पत्तीविषयी कुणाला काय वाटतं याला तिथे किंमत नाही; कुठल्या वर्षी, कुठल्या मजकुरात, कुठल्या अर्थाने शब्द आला एवढंच बघतात. ‘स्नॉब’चे दाखले असे मांडले की अगदी तळाशी, १७८० च्या दशकात, नोंदवही नाही आणि लॅटिनही नाही. तिथे आहे मोची. स्नॉब म्हणजे बूट शिवणारा, किंवा त्याच्या हाताखाली काम शिकणारा पोरगा. स्कॉटलंडच्या बोलीत ‘स्नॅब’ असंही रूप याच अर्थाने होतं. त्याच्याही मागे शब्द कुठून आला हे कोशकारांना सापडलेलं नाही, आणि तसं त्यांनी स्पष्ट नोंदवलं आहे. शिवाय, आद्याक्षरं किंवा संक्षेप जोडून बनवलेला शब्द बोलण्यात रुळण्याची सवय प्रामुख्याने विसाव्या शतकातली, रडार आणि लेझरच्या जमान्यातली. अठराव्या शतकातल्या शब्दाला असं मूळ कुणी चिकटवलं की सावध व्हावं.

‘पॉश’ या शब्दाचीही अशीच गोष्ट आहे, आणि तिचा संबंध थेट मुंबईशी जोडला जातो. इंग्लंडहून मुंबईला येणाऱ्या पी अँड ओ कंपनीच्या जहाजात जाताना डाव्या बाजूची आणि परतताना उजव्या बाजूची केबिन सावलीची असे, म्हणून श्रीमंत प्रवासी तशी तिकिटं काढत आणि त्यांच्यावर ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ची आद्याक्षरं छापलेली असत, असं सांगतात. पूर्वेकडे जाणाऱ्या जहाजाची डावी बाजू उत्तरेला येते, म्हणून सावलीचा हिशेब चुकलेला नाही. पण तसं छापलेलं एकही तिकीट आजवर मिळालेलं नाही आणि कंपनीच्या दप्तरातही त्याचा मागमूस नाही. शब्द छापील मजकुरात दिसू लागतो तो पहिल्या महायुद्धाच्या सुमारास. १९१८ च्या ‘पंच’ साप्ताहिकातल्या एका व्यंगचित्रात तरुण अधिकारी आईला ‘पॉश’ वेळ गेल्याचं सांगतो. त्याआधी चोरांच्या बोलीत ‘पॉश’ म्हणजे पैसा, किंवा अर्धी पेनी. त्याचं मूळ बहुधा रोमानी भाषेतल्या ‘अर्धा’ या अर्थाच्या शब्दात आहे.

या दोन्ही कथांत मला एक सारखी खोड दिसते. गल्लीत, दुकानात, भटक्यांच्या बोलीत जन्मलेल्या शब्दाला त्या एक प्रतिष्ठित बाप मिळवून देतात. मोच्याऐवजी लॅटिन नोंदवही, रोमानी बोलणाऱ्या फिरस्त्याऐवजी पहिल्या वर्गाचा प्रवासी. ‘स्नॉब’ची लॅटिन व्युत्पत्ती सांगताना आपण नकळत स्नॉबरीच करत असतो, आणि म्हणूनच तो मोची परत आपल्या जागेवर आणून बसवावा असं मला मनापासून वाटतं.

तो मोची कोण होता? इंग्रजीत नवे बूट बनवणारा वेगळा आणि जुने सांधणारा वेगळा, आणि दुसऱ्याची पत पहिल्याहून कमी. दोघांचंही काम बसून करायचं. हात गुंतलेले, डोकं मोकळं. दुकानात एकजण मोठ्याने वर्तमानपत्र वाचतो आहे आणि बाकीचे टाके घालत ऐकत आहेत, हे दृश्य त्या काळी नेहमीचं. म्हणूनच की काय, इंग्लंडमध्ये राजकारणावर वाद घालणारा मोची प्रसिद्ध होता. जानेवारी १७९२ मध्ये लंडनमध्ये कामकऱ्यांची एक संघटना उभी राहिली, लंडन कॉरस्पाँडिंग सोसायटी. प्रत्येक प्रौढ पुरुषाला मत हवं, ही तिची मागणी. तिचा संस्थापक आणि चिटणीस टॉमस हार्डी बूट शिवणारा होता. सरकारने १७९४ मध्ये त्याच्यावर राजद्रोहाचा खटला भरला आणि ज्युरीने त्याला निर्दोष सोडलं. ‘स्नॉब’ या शब्दाला हेटाळणीची धार चढू लागली ती याच वर्षांत. कामकरी माणूस मत मागायला उभा राहिला होता त्याच वेळी.

याच पेशातला आणखी एक माणूस मराठी वाचकाला माहीत असायला हवा. विल्यम केरी, जन्म १७६१, नॉर्थॅम्प्टनशर परगण्यातल्या पॉलर्सपरी गावात. कोवळ्या वयात तो मोच्याच्या हाताखाली लागला आणि बूट शिवता शिवता लॅटिन, ग्रीक, हिब्रू शिकला. १७९३ मध्ये तो मिशनरी म्हणून बंगालमध्ये आला. पुढे बंगालमधल्याच श्रीरामपूरला छापखाना निघाला, आणि कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात केरी बंगाली, संस्कृत आणि मराठी शिकवू लागला. वैजनाथ पंडितांच्या मदतीने त्याने मराठीचं व्याकरण लिहिलं, ते १८०५ मध्ये छापलं गेलं. १८१० मध्ये त्याचा मराठी-इंग्रजी कोश आला, मोडी लिपीच्या खिळ्यांनी छापलेला. मराठी छपाईच्या इतिहासात ही नावं अगदी आरंभाला येतात.

या माणसाच्या वाट्याला त्याचा जुना धंदा जन्मभर आला. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सिडनी स्मिथ या पाद्री लेखकाने ‘एडिंबरा रिव्ह्यू’मध्ये भारतातल्या या मिशनऱ्यांची संभावना ‘अभिषेक झालेले मोची’ अशी केली. केरीच्या चरित्रांत एक प्रसंग हमखास येतो. गव्हर्नर जनरलच्या घरी मेजवानी चालू आहे. एक लष्करी अधिकारी शेजाऱ्याला विचारतो, “हे डॉक्टर केरी पूर्वी बूट बनवत होते ना?” प्रश्न केरीच्या कानावर पडेल इतपत मोठ्याने विचारलेला. केरी वळून म्हणतो, “नाही साहेब, मी फक्त जुने बूट सांधायचो.” अधिकाऱ्याने त्याला एक पायरी खाली ढकलायचा बेत केला होता, केरी आपण होऊन दोन पायऱ्या खाली उतरून उभा राहिला. तिथे पुढे बोलायला काही उरलंच नसावं. स्नॉबरी म्हणजे काय हे समजावण्यासाठी मला याहून चांगला प्रसंग माहीत नाही, कारण त्यात शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच टेबलावर समोरासमोर बसलेले आहेत: जुन्या अर्थाचा केरी, आणि नव्या अर्थाचा तो अधिकारी.

आता शब्द मोच्याच्या दुकानातून बाहेर कसा पडला ते पाहू. इथे केंब्रिज येतं. त्या गावात दोन जगं शेजारी शेजारी राहत होती. एकीकडे झगा घालणारे विद्यार्थी आणि अध्यापक, दुसरीकडे दुकानदार, कारागीर, नावाडी, खानावळवाले. इंग्रजीत या भांडणाला ‘टाउन अँड गाउन’ म्हणतात, गाव विरुद्ध झगा. हे भांडण विद्यापीठाच्या जन्माइतकंच जुनं. ऑक्सफर्डच्या गावकऱ्यांशी बिनसल्यावर तिथून निघून आलेल्या लोकांनीच १२०९ च्या सुमारास केंब्रिजला बस्तान बसवलं होतं. पुढे शतकानुशतकं केंब्रिजच्या बाजारावर, वजनमापांवर, पावाच्या आणि बिअरच्या विक्रीवर विद्यापीठाचा अधिकार चाले. म्हणजे गावातल्या दुकानदाराने विद्यार्थ्याला उधारीवर बूट द्यायचे, आणि वर त्याच्याच संस्थेचा हुकूमही मानायचा.

१७९६ च्या सुमारास या विद्यार्थ्यांच्या बोलीत ‘स्नॉब’ म्हणजे आपल्यातला नसलेला, झगा नसलेला, गावातला कुणीही. शब्द मोच्यावरून सगळ्या गावावर पसरला. हे काही केंब्रिजचंच खास नव्हतं. ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी गावकऱ्यांना ‘कॅड’ म्हणायला सुरुवात केली, आणि पुढे त्याचा अर्थ ‘हलकट’ असा झाला. जर्मनीत येना इथल्या विद्यार्थ्यांनी गावकऱ्यांना बायबलमधल्या शत्रुजमातीवरून ‘फिलिस्टर’ म्हटलं. तिथून इंग्रजीत ‘फिलिस्टाइन’ आला, कलेची जाण नसलेला, अरसिक. तीन विद्यापीठं, आणि भिंतीबाहेरच्या माणसाला हिणवणारे तीन शब्द. शिकलेल्या माणसांनी शिव्या घडवण्यात किती मेहनत घेतली आहे हे बघून वाईट वाटतं.

यानंतरची काही वर्षं शब्द ‘सामान्य, खालच्या थरातला माणूस’ या अर्थाने चालला. मात्र तो नेहमीच वरून खाली फेकलेला नव्हता. १८३१ मध्ये, मतदानाच्या सुधारणेवरून इंग्लंड तापलेलं असताना, एका वृत्तपत्राने आनंदाने लिहिलं की बड्या ‘नॉब’ लोकांच्या पार्लमेंटमधल्या मळक्या जागा गेल्या आणि त्या प्रामाणिक ‘स्नॉब’ लोकांना मिळाल्या. इथे स्नॉब हा अभिमानाचा शब्द आहे. ‘नॉब’ म्हणजे श्रीमंत, वजनदार आसामी. यमक जुळत असल्याने ही जोडी लोकांच्या तोंडी बसली होती. शब्दाला आणखी थोडं आयुष्य या वाटेवर मिळतं, तर कदाचित तो ‘कष्टकरी’ या शब्दासारखा ताठ मानेचा झाला असता.

तसं झालं नाही, कारण शब्द विल्यम मेकपीस थॅकरेच्या हाती पडला. थॅकरेचा जन्म १८११ चा, कलकत्त्याचा. वडील ईस्ट इंडिया कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. ते १८१५ मध्ये वारले आणि पाच वर्षांच्या मुलाला जहाजात बसवून विलायतेला धाडलं गेलं. १८२९ मध्ये तो केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाला. तिथे विद्यार्थ्यांचं ‘द स्नॉब’ नावाचंच एक छोटं नियतकालिक निघत होतं, त्यात त्याने लिहिलं. पदवी न घेताच तो १८३० मध्ये बाहेर पडला. वारशाचा पैसा काही जुगारात गेला, उरलेला कलकत्त्याच्या व्यापारी पेढ्या बुडाल्या तेव्हा गेला. मग लेखणी आणि चित्रकला यांवर पोट भरणं आलं. सधन घरातल्या मुलाला दिवाणखान्याच्या दारात उभं राहून आत बघण्याची वेळ आली होती. पुढचं लिखाण ज्या नजरेने झालं, ती मला वाटतं इथे तयार झाली.

फेब्रुवारी १८४६ पासून वर्षभर त्याने ‘पंच’ साप्ताहिकात एक लेखमाला लिहिली. तिचं नाव होतं ‘इंग्लंडमधले स्नॉब’, आणि लेखक म्हणून ‘त्यांच्यापैकीच एक’. १८४८ मध्ये तिचं पुस्तक झालं. तोवर शब्दाचा अर्थ थोडा सरकलाच होता. वरच्या वर्गाची नक्कल करून मिरवणाऱ्या सामान्य माणसाला स्नॉब म्हणायला लोकांनी सुरुवात केली होती. थॅकरेने तो धागा पकडला आणि पार टोकाला नेला. त्याने विचारलं, वरच्याची नक्कल करणारा फक्त खालच्याच थरात असतो का? मग तो एकेक दार उघडत गेला. राजघराण्यातले स्नॉब, सरदारांतले, सावकारांतले, लष्करातले, पाद्र्यांतले, विद्यापीठातले, साहित्यिकांतले, क्लबांतले. क्षुद्र गोष्टींना क्षुद्रपणे भुलतो तो स्नॉब, अशी त्याची व्याख्या होती. या एका व्याख्येने जन्माचा प्रश्नच निकालात काढला. आता मोच्याचा मुलगा स्नॉब नव्हता. त्याच्याकडे बघून तोंड फिरवणारा ड्यूकही स्नॉब ठरू शकत होता.

विद्यापीठावरची प्रकरणं मला सगळ्यांत धारदार वाटतात. सरदारांच्या मुलांच्या टोपीला सोनेरी गोंडा असे. त्यांना पदवी दोन वर्षांत मिळे. दुसऱ्या कुणाला त्याच पदवीला सात वर्षं लागत, हे थॅकरे रागाने लिहितो. उलट गरीब विद्यार्थ्यांना ‘सायझर’ म्हणत. फी कमी, पण वेष वेगळा, दर्जा वेगळा, आणि पूर्वीच्या काळी तर श्रीमंत मुलांची कामंही करावी लागत. आयझॅक न्यूटन १६६१ मध्ये ट्रिनिटीत शिरला तो अशाच दर्जाचा विद्यार्थी म्हणून. ज्ञानाच्या घरात टोपीच्या गोंड्यावरून माणूस ओळखावा, याची थॅकरेला मनस्वी चीड होती. उमरावांच्या वंशावळ्यांचा ग्रंथ म्हणजे इंग्रजांचं दुसरं बायबल, असंही तो म्हणतो.

तरी त्याने स्वतःला वगळलं नाही, आणि त्यामुळेच त्या लिखाणात नुसती उपदेशाची कोरड नाही. पहिल्याच प्रकरणात निवेदक एक हकिगत सांगतो. त्याचा एक सज्जन मित्र होता, भला, उपकारकर्ता. एकदा नेपल्समध्ये जेवताना त्याने वाटाणे सुरीने खाल्ले. तेवढ्यावरून निवेदकाने त्याच्याशी बोलणं तोडलं. काही वर्षांनी तोच मित्र एका घरी जेवताना काटा व्यवस्थित वापरताना दिसला, तेव्हा कुठे मैत्री पुन्हा जुळली. वाटाणा सुरीवर बसतो की काट्यावर, यावर माणसाची पारख! पंक्तीत कुणी कसं भुरकतं, कुणी कुठल्या हाताने वाढून घेतं, यावरून आपल्याकडे सोयरिकींच्या बैठकीत काय काय ठरतं ते ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे इंग्लंडचं वाटणार नाही.

थॅकरेनंतर शब्दाने एकच वळण आणखी घेतलं. त्याचा स्नॉब मुख्यतः वर बघणारा होता, बड्यांच्या ओळखीसाठी झुरणारा. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत नजर खाली वळली, आणि आपल्याहून कमी समजलेल्यांना तुच्छ लेखणारा हा अर्थ मुख्य झाला. पद आणि कूळ यांच्या जोडीला अभिरुची आली: वाचनाची स्नॉबरी, संगीताची, कॉफीची. फ्रेंच भाषेने हा शब्द उचलला तेव्हा जुनी छटा जास्त जपली. तिथे फॅशनच्या, प्रतिष्ठित वर्तुळाच्या मागे धावणारा तो स्नॉब. आणि इंग्रजीत ‘उलटा स्नॉब’ही आला, जो श्रीमंत किंवा शिकलेला दिसला की आधीच ठरवून मोकळा होतो की हा माणूस खोटा असणार. शिडी तीच, त्याने फक्त ती उलटी धरलेली असते.

१९५० च्या दशकात यावर एक गंमतीदार वाटणारा, पण फार बोलका अभ्यास झाला. बर्मिंगहॅम विद्यापीठातले भाषातज्ज्ञ ॲलन रॉस यांनी १९५४ मध्ये एका फिनिश संशोधनपत्रिकेत दाखवलं की इंग्लंडचा वरचा वर्ग आता पैशावरून नव्हे, तर शब्दांवरून ओळखू येतो. जेवताना मांडीवर घ्यायच्या फडक्याला ‘नॅपकिन’ म्हणणारे वरचे, ‘सर्व्हिएट’ म्हणणारे खालचे. यातली मेख अशी, की जास्त नाजूक, जास्त फ्रेंच वाटणारा शब्द मध्यमवर्ग वापरत होता. वर चढण्याची धडपडच त्याला उघडी पाडत होती. लेखिका नॅन्सी मिटफर्ड यांनी पुढच्या वर्षी हे सामान्य वाचकांपुढे आणलं, आणि अनेक घरांत लोक आपलेच शब्द तपासू लागले.

एवढं झाल्यावर मागे वळून इंग्रजीकडे पाहिलं की लक्षात येतं, वर्गाची उतरंड त्या भाषेच्या हाडामाशीत आहे. ‘व्हिलन’ म्हणजे मूळचा जमीनदाराच्या शेतावर बांधलेला कुळवाडी. ‘बूर’ म्हणजे शेतकरी, आता आडदांड. ‘नेव्ह’ म्हणजे पोरगा, मग नोकर, मग लबाड. ‘व्हल्गर’ म्हणजे सर्वसामान्यांचं, आता अश्लील. उलट ‘जेंटल’, ‘नोबल’, ‘जेनरस’ हे सगळे मुळात फक्त ‘चांगल्या घरात जन्मलेला’ एवढंच सांगत. आता ते स्वभावाचे गुण झाले. गरिबाचं नाव दुर्गुण बनलं आणि श्रीमंताचं सद्गुण. या सगळ्या रांगेत ‘स्नॉब’ उलटा गेला. दुर्गुणाचं नाव तोही झाला, पण दोष मोच्यावर न राहता मोच्याला हसणाऱ्यावर आला.

मराठीत आणि तिच्या मागे संस्कृतात हीच उतरंड जागोजागी दिसते. काव्यशास्त्रात ‘ग्राम्यत्व’ हा दोष आहे. ग्राम्य म्हणजे फक्त गावातलं. नगरातला तो ‘नागर’, सुसंस्कृत. ‘गावंढळ’ आणि ‘खेडवळ’ हे शब्द आपण आजही सहज तोंडातून काढतो. आणि ‘चांभारचौकशी’. नसत्या चौकशीला एका कष्टकरी जातीचं नाव का द्यायचं, याचं कुठलंही समर्थन मला मान्य नाही. केंब्रिजच्या पोरांनी मोच्याच्या नावाने गावाला हिणवलं, तेच आपण त्याच धंद्याच्या नावाने करतो, आणि आपल्याकडे तर जन्माने बांधलेली जात त्या नावामागे उभी आहे. ‘नसती उठाठेव’ किंवा ‘भोचकपणा’ म्हटल्याने अर्थात काहीही कमी होत नाही. मी तो शब्द वापरत नाही.

उलट दिशेने गेलेले शब्दही आपल्याकडे आहेत, आणि ते मला फार आवडतात. ‘शिष्ट’ घ्या. पतंजलीच्या महाभाष्यात शिष्ट कोण हे सांगितलं आहे: ज्याच्या घरी मडकंभर धान्याचाच साठा आहे, जो लोभी नाही, तो. त्याचं बोलणं भाषेला प्रमाण. आणि आज कोल्हापुरात, नाशकात, दादरला कुणी ‘ती फार शिष्ट आहे हं’ म्हणालं, तर अर्थ निघतो की ती कुणाशी धड बोलत नाही, स्वतःला जास्त समजते. लोकांनी वापरता वापरता तो शब्द वरच्यांवरच उलटवला. ‘आढ्यता’ही तशीच. संस्कृतात आढ्य म्हणजे नुसता श्रीमंत. मराठीत आढ्यता म्हणजे ताठा. गीतेच्या सोळाव्या अध्यायात आसुरी वृत्तीचा माणूस म्हणतो, ‘आढ्योऽभिजनवानस्मि कोऽन्योऽस्ति सदृशो मया’. मी श्रीमंत, मी कुलीन, माझ्यासारखा दुसरा आहे कोण? थॅकरेच्या स्नॉबांपैकी कुणाच्याही तोंडी हे वाक्य शोभलं असतं.

मग मराठीत ‘स्नॉब’ला प्रतिशब्द आहे का? खाली बघून नाक मुरडणाऱ्यासाठी शिष्ट आणि आढ्यताखोर हे दोन्ही चालतात. वर बघून लवणाऱ्यासाठी लाळघोट्या आहे, हांजी हांजी करणारा आहे. दोन्ही क्रिया एकाच माणसाच्या अंगी दाखवणारा एकच शब्द मला तरी सापडलेला नाही. म्हणून तो इंग्रजीतून घेतला यात काही गैर नाही. फक्त तो योग्य ठिकाणी लावावा. पाहुण्याने ‘आनि’, ‘पानी’ म्हटलं की गालात हसणारा, आणि त्याच दिवशी ऑफिसात साहेबाच्या चुकीच्या इंग्रजीला मान डोलावणारा माणूस घ्या. महाराष्ट्रातल्या कितीतरी बोलींत ‘ण’च्या जागी ‘न’ नियमाने येतो, तिथे चूक काहीच नाही. त्या माणसाला गर्विष्ठ म्हणून चालणार नाही, कारण साहेबापुढे त्याचा गर्व कुठे दिसत नाही. नुसतं शिष्ट म्हणूनही भागत नाही. त्याला स्नॉबच म्हणावं लागतं.